गारांनी झालेली भरभराट

२ एप्रिल

काल गारा पडल्या. लिंबाएवढ्या. शहरात धड खिडकी उरली नाही. आमच्या काचेच्या दुकानातला फोन सकाळपासून ओरडतोय. मालक एरवी गिऱ्हाईक नाही म्हणून नशिबाला शिव्या घालतो, आज आभाळाकडे बघून हसत होता. बोका म्हणाला, "लोकांच्या काचा फुटल्या आणि आपल्या मालकाचं कपाळ उजळलं." बोका म्हणजे माझा जोडीदार. काच धरतो तो, कापतो मी.

५ एप्रिल

हाताला पुट्टीचा वास. जेवणालाही. झोप.

९ एप्रिल

आईचा फोन. ताईचे दिवस भरत आलेत. भावजी बोटीवर, इतक्यात येत नाहीत. आईचे गुडघे आता नुसते नावाला. मी केव्हाच शब्द दिलेला — बाळंतपणाला महिनाभर येतो. आई कामावर जायची तेव्हा मला ताईनेच वाढवलं, नाक पुसण्यापासून.

"रजा मिळाली का रे?"

म्हटलं, इकडे भरभराट चाललीय, मालक सोडत नाही.

"कसली भरभराट?"

"सगळ्यांच्या काचा फुटल्यात."

आई म्हणाली, "अरे, मग वाईट झालं म्हण की."

१४ एप्रिल

जेवताना रेडिओवर एक अर्थतज्ज्ञ. म्हणे गारपिटीनंतर दुरुस्तीची कामं जोरात आहेत, त्यामुळे आपल्या भागाची वाढ अपेक्षेपेक्षा चांगली. आवाज असा, जणू गारा यानेच पाडल्या. बोका म्हणाला, "उद्या भूकंप झाला तर मग आपण गडगंजच." मालक म्हणाला, "शिकलेली माणसं आहेत. गप जेव."

मला हसू आलं. पण परवा एका म्हाताऱ्याची खिडकी बसवली. तो बायकोला नवा चष्मा करणार होता, ते पैसे खिडकीत गेले. म्हातारी चाचपडत आली, काचेवर बोट लावून म्हणाली, "छान बसलीय." आधी खिडकी होती आणि चष्मा होणार होता. आता नुसती खिडकी आहे. यात वाढलं काय?

बोक्याला विचारलं. तो म्हणाला, "आपलं काम वाढलं. तेवढं बघ."

१७ एप्रिल

मालकाने बाजूला घेतलं. गर्दी ओसरेपर्यंत थांबलास तर मिस्त्री करतो म्हणाला. गाडी तुझ्या ताब्यात, हाताखाली माणसं. मिस्त्री! सातवी नापास माणूस! रजेचं काढलं, तर म्हणतो, "तू नाहीस म्हणून बाळ काय आतच राहणार आहे?"

गाडीचा रंग कुठला, एवढंच विचारलं. निळा.

२२ एप्रिल

आज मजा. जिथे वाढ मोजतात त्याच कचेरीत काम निघालं. वरच्या मजल्यावर एक बाई, केसात पेन्सिल खोवलेली, टेबलावर कागदांचे ढिगारे. मी त्यांना मनात आकडेबाई म्हणून टाकलं. त्यांच्या खिडकीची काच गेलेली. बघितलं तर सगळे तुकडे बाहेर, पत्र्यावर.

मला कुठे राहवतंय. म्हटलं, "बाई, ही गारांची नाही. गारेने फुटली तर काच आत पडते."

बोक्याने कोपर मारलं. बाई उठल्या, दार लावलं, म्हणाल्या, "पेपरवेट होता. साहेबांच्या दिशेने फेकला नव्हता, एवढं लक्षात असू दे."

भांडण गारपिटीच्या आकड्यावरूनच. बाई म्हणत होत्या, काय गेलं तेही खाली लिहा. साहेब म्हणाले, तसा रकाना नाही.

"मग ही काचसुद्धा वाढीत?"

"हो ना. या वर्षातलं माझं सगळ्यात मोठं काम."

चहा मागवला त्यांनी. मी धीर करून विचारलं — महिनाभर घरी जाऊन बाळाचे लंगोट धुतले तर ते कुठे धरता? म्हणाल्या, कुठेच नाही. उलट तू इथे नसशील, तेवढं कमी दिसेल. आणि शेजारणीने पैसे घेऊन धुतले तर? तर वाढ.

बोका म्हणाला, "सोपं आहे. ताईला सांग, शेजारणीचे तू धू, तुझे ती धुवेल. दोघी मिळून देश वर काढतील."

बाई इतक्या हसल्या की पेन्सिल पडली. मग म्हणाल्या, "मोजणं आमचं काम आहे रे. पण लोक आम्हाला विचारतात, आता काय करू. आणि आम्हीही सांगत सुटतो."

मीही तेच विचारणार होतो. पुट्टी उचलली आणि काच बसवली.

२३ एप्रिल

ताई स्वतः फोनवर. "मिस्त्री होतोयस म्हणे. निळी गाडी! नाही जमलं तर राहू दे, आम्ही करू काहीतरी." आवाज एकदम खणखणीत. लहानपणी मला ताप चढला की ती याच आवाजात म्हणायची, काही झालेलं नाही.

मालकाला उद्या उत्तर द्यायचंय.

२४ एप्रिल

निळी गाडी एकदा चालवून बघितली. ब्रेक चांगले आहेत.

१९ मे

बोक्याचा फोन आलेला. मिस्त्री तोच झाला, गाडीला पहिल्याच दिवशी ओरखडा. शेजारच्या रेडिओवर तोच तज्ज्ञ — आमच्या त्या भागाची वाढ म्हणे किंचित मंदावलीय, कारण शोधणं चालू आहे. मला कारण माहीत आहे. मघाशी दूध पिऊन माझ्या मांडीवर झोपलंय. तिच्या आईलाही आज कुठे झोप लागलीय. लंगोट भिजत पडलेत, पाय बधिर झालाय, पण हललो तर उठेल. म्हणून लिहीत बसलोय.