भिंतीपाशी आजी

सोमवार, ११ मार्च

आई जिन्याखालच्या कपाटात आहे — रोलंडच्या चिखलाच्या बुटांशेजारी! मी रक्षेचा डबा उचलून बैठकीत आणला तर म्हणतो कसा, "अगं, तिथं ऊब असते. म्हणून ठेवली." माझा धाकटा भाऊ. कोकरांनाही असाच ऊब बघून ठेवतो. आत्ता स्वयंपाकघरात शेगडीपाशी खोक्यात एक आहे, सारखं ओरडतंय.

मी ब्रिस्टलहून आले ती आईला माती द्यायला. फुलांच्या रविवारच्या आत — ईस्टरच्या आधीचा रविवार, त्या दिवशी इथं सगळे आपापल्या कबरींवर फुलं वाहतात. शेवटी इस्पितळात तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं — "मला माझ्या आईजवळ ठेव. भिंतीपाशी." रोलंडला पटत नाही. "बाबांच्या दगडावर तिच्या नावाची जागा सोडलीये. बाबा काय बसची वाट बघत पडलेत तिथं?"

त्याचंही चूक नाही. पण मी 'हो' म्हटलंय.

गुरुवार, १४ मार्च

चर्चच्या आवारात जाऊन आले. प्रिमरोझ फुललेत. बायका आत्तापासून बादल्या घेऊन दगड घासतायत.

लहानपणी या दिवसांत आमच्या घरात नुसती घाई. ब्रश, सोडा, शेवाळाच्या टोपल्या. प्रोबर्टांच्या, म्हणजे बाबांच्या घराण्याच्या, कबरी ओळीनं — पणजोबा, त्यांचे भाऊ, पाळण्यातच गेलेली मुलं. ग्लॅडिस आत्या पाठीमागे हात बांधून तपासणीला. "प्रोबर्टांच्या दगडावर हिरवं? लोक काय म्हणतील!" मग सगळं झालं की आई मला हळूच भिंतीकडे न्यायची. यू झाडाखाली गवताचा उंचवटा, दगड नाही, नाव नाही. "ही तुझी आजी." युद्धात शहरातली मुलं खेड्यात पाठवत, तेव्हा आईला बर्मिंगहॅमहून इकडे आमच्या शेतावर पाठवलं होतं. आजी तिला भेटायला आली, इथंच आजारी पडली, इथंच गेली. एवढीच गोष्ट. दर वर्षी तेवढीच.

आई बोटानं मातीत भोकं पाडून एकेक प्रिमरोझ खोचायची. मी एकदा विचारलं, "आजी फार खोल आहे का गं?"

"नाही. वरच आहे. हात पुरतो."

मला किती बरं वाटलं होतं! प्रोबर्टांचे सगळे सहा फूट खाली, आमची आजी मात्र हाताशी. हेरफर्डच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हा रविवार झावळ्यांचा, मोनिका, थडग्यांचा नव्हे." मी म्हटलं, "आमच्याकडे दोन्ही करतात, सिस्टर." दुपारभर कोपऱ्यात उभी.

शुक्रवार, १५ मार्च

चर्चच्या व्हिकरबाईंना भेटले. चांगल्या आहेत, तरुण आहेत. भिंतीपाशी म्हटल्यावर चहा ओतता ओतता थांबल्या.

"ठेवता येईल. पण तिथं कुणीच नाहीये."

मी हसले. "माझी आजी आहे."

त्या हसल्या नाहीत. "त्या कोपऱ्यात कधी कुणाला पुरलेलंच नाही, मोनिका."

शनिवार, १६ मार्च

कुणीच नाही म्हणजे काय?

सोमवार, १८ मार्च

आत्याकडे गेले. ब्याण्णव वर्षांची, कान तिखट, जीभ त्याहून. आईहून दोन वर्षांनी मोठी. आई आली तेव्हा दोघी एकाच पलंगावर निजायच्या. मी सरळच विचारलं. तिनं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून पडलं, चमच्यानं काढत बसली.

"आत्या!"

"ऐकू येतं मला. तिथं माती आहे. कबरी खणून उरलेली माती तिथं टाकायचे. आम्ही पोरं त्यावरून घसरायचो."

"आणि आजी?"

"तुझी आजी बर्मिंगहॅमला. घरावर बॉम्ब पडला. सापडलं नाही काही." मग खिडकीकडे बघत — "आयव्ही, तुझी आई, रात्र रात्र रडायची. माझी झोप जायची, पोरी! त्यात फुलांचा रविवार आला. सगळ्यांच्या हातात फुलं, प्रत्येकाला जायला कबर. ही आपली जुडी धरून फाटकात उभी. मी सांगून टाकलं — तुझ्या आईला इकडे आणलंय, ती बघ, भिंतीपाशी आहे."

"तिनं मानलं?"

"सात वर्षांची होती. पळत गेली."

"नंतर? मोठी झाल्यावर?"

"नंतर मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कोण बोलणार?"

निघताना दारात म्हणाली, "तिच्याकडे आईचा एक हातमोजा होता. स्टेशनवर आईनं हातातला काढून दिला होता — एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, जोडी लावायला येईन. उशाखाली घेऊन निजायची. तो हरवला त्याच वसंतात. मला वाटलं, आता पुन्हा रडारड. पण नाही. हूं की चूं नाही!"

मंगळवार, १९ मार्च

काही सुचत नाही. आईला ठाऊक होतं? की जन्मभर टाकलेल्या मातीला फुलं वाहिली, आणि मीही वाहिली? प्रिमरोझ, व्हायोलेट... एकदा कॉन्व्हेंटात मिळालेलं बक्षिसाचं पदकसुद्धा आजीला दाखवायला नेलं होतं! कुणाला दाखवलं मी ते?

अर्धी प्रोबर्ट आणि अर्धी त्या भिंतीपाशीची, असं मला वाटायचं. दुसऱ्या अर्ध्याला आता जागाच नाही.

रोलंडला सांगितलं. बराच वेळ कोकराला बाटली पाजत बसला. मग म्हणाला, "झालं तर मग. बाबांजवळ."

"तिनं माझा हात धरून सांगितलंय, रोली."

"कुणाजवळ ठेवणार, सिस्टर? ढिगाऱ्याजवळ?" मी कॉन्व्हेंटात शिकले म्हणून मला चिडवायचं असलं की सिस्टर म्हणतो. पण आज चिडवत नव्हता. त्याचे डोळे लाल होते.

बुधवार, २० मार्च

दिवसभर पाऊस. डबा परत कपाटात ठेवला. तिथं खरंच ऊब आहे.

गुरुवार, २१ मार्च

ठरवलं. भिंतीपाशी. का, ते सांगता येत नाही. शब्द दिलाय एवढंच. आई नव्वद वर्षं नीट शुद्धीत जगली. काय बोलतेय ते तिला कळत असणार. की नसेल? बाबांपासून तोडून तिला उरल्यासुरल्या मातीत एकटी टाकतेय की काय मी?

व्हिकरबाई 'हो' म्हणाल्या. रोलंड इतकंच म्हणाला, "खड्डा मी खणणार. परक्यानं नाही."

शनिवार, २३ मार्च

उजाडताच गेलो. आत्या कुबड्या टेकत आली, आग्रहानं. रोलंडनं गवत कापून बाजूला ठेवलं आणि फावडं मारलं. दोनदाच. काच वाजली.

गुडघ्यावर बसून हातानंच माती काढली त्यानं. मुरंब्याची बरणी. झाकण गंजून गच्च बसलेलं. आत बाईचा हातमोजा, कातडी, डाव्या हाताचा. सुकून वाकडा झालाय. रंग कळत नाही.

"अगं बाई, आयव्ही," आत्या म्हणाली.

रोलंडनं टोपी काढली. बरणी होती तिथंच ठेवली, खड्डा शेजारी थोडा रुंद केला आणि मला म्हणाला, "दे आईला. इथं जागा आहे."