ध्वज खाली आला की

९ सप्टेंबर, मंगळवार

७ ऑक्टोबर ठरली. सकाळी आठ. डब्लिन.

उजव्या कानाच्या नसेवरची गाठ आत सरकते आहे. ती काढताना नस जाणार. सर्जन आडपडदा न ठेवता बोलला, त्याची ऋणी आहे. डावा कान नवव्या वर्षी गालगुंडात गेला. त्यात यंत्र बसवून उपयोग नाही, हेही तपासून झालं. म्हणजे त्या दिवसानंतर काही नाही. अठ्ठावीस दिवस.

ढोल वाजवते, चालेल का, असं मी विचारलं. त्याला ढोल माहीत नव्हता. मग माझ्या नवऱ्याने, रविकांतने दाखवलं — भूल देणारा गंभीर डॉक्टर, दुसऱ्या डॉक्टरच्या खोलीत उभा राहून कमरेला नसलेला ढोल बडवतोय! सर्जन हसला. म्हणाला, आता जपून ठेवण्यासारखं काही नाही, खुशाल वाजवा.

नासला, आमच्या गावी, परत आलो. रविकांतने गाडी दारात लावली आणि म्हणाला, ‘फिल्मचं हो म्हणून टाक.’

१० सप्टेंबर

फिल्मबद्दल कुणाला काही सांगणार नाही, अशी सही केली आहे. वहीला सांगायला हरकत नसावी.

जोन ऑफ आर्क. सहाशे वर्षांपूर्वीची फ्रान्समधली शेतकऱ्याची पोर. तिला देवाचे आवाज ऐकू आले. पुरुषी कपडे घालून, केस कापून, सैन्य घेऊन निघाली. एकोणिसाव्या वर्षी जाळली. ब्लेसिंग्टनच्या पुढे एका कुरणात लाकडाचा किल्ला उभा केला आहे. त्यांना रणवाद्यं हवी आहेत. कास्टिंगवाल्या बाईने गेल्या वर्षी ल्यूकनच्या गणपती मिरवणुकीत आमचं पथक ऐकलं होतं. चाळीस ढोल, सहा ताशे. ही वाद्यं तेव्हा फ्रान्समध्ये नव्हती, असं मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं. अकरा वर्षं साहित्य शिकवलं, सवय जात नाही. ‘झाकू की,’ म्हणाली.

फक्त ढोलाची पानं फायबरची चालणार नाहीत. चामड्याचीच हवीत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लायब्ररीतून तिच्या खटल्याची कागदपत्रं आणली. न्यायाधीश विचारतात, आवाज प्रथम कुठे ऐकलास? बापाच्या बागेत, उन्हाळ्यात, भर दुपारी. कुठल्या बाजूने? उजव्या.

पुस्तक मिटलं. 

१४ सप्टेंबर, रविवार

ल्यूकनला सराव. शाळेचं कार पार्क. संग्राम पथकप्रमुख — आठवडाभर सॉफ्टवेअर, रविवारी शिट्टी. मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘ताई, राग मानू नका, पण तुम्ही मागे पडताय. ताशा पुढे, तुम्ही मागे.’ मला शेवटच्या रांगेत टाकलं.

खरं आहे. ताशा चाल सांगतो आणि ताशाच मला नीट ऐकू येत नाही. बारीक, उंच आवाज आधी गेले. ठेका मी पुढच्याच्या खांद्यावरून घेते, आणि ध्वजावरून. इतक्या ढोलांत हुकूम ऐकू येत नाही म्हणून तर ध्वज. वर गेला की सुरू. खाली आला की बंद, त्याच क्षणी, टोल, म्हणजे ढोल बडवायचा दांडका, हवेत असला तरी. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मग ते हातात राहतं, डोक्यात नाही.

संग्रामला गाठीचं सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मला काढणार नाही — दया म्हणून ठेवून घेईल. ते नको.

१५ सप्टेंबर, सोमवार

पहाटे साडेचारला निघालो. निहारिकाही पथकात आहे, पंधरा वर्षांची. ती गाडीत माझ्या शेजारी बसत नाही. लहानपणापासून माझ्या मागच्या सीटवर बसते आणि पुढे वाकून उजव्या कानात बोलते. मी मराठीत, ती इंग्रजीत. वाटेत मी सारखी आरशात तिच्याकडे बघत होते. तिला ते कळलं असावं. ‘यू आर ग्रँड, आई,’ म्हणाली; इथल्या बोलीत, ठीक आहेस.

जाड लोकरीचे अंगरखे. घड्याळं काढली, नथी काढल्या, पथकातल्या दिलीपचा चष्मा काढला. आता त्याला किल्लाही दिसत नाही. पायात काही नको म्हणाले. आम्ही वाजवताना तसेही अनवाणी असतो, त्याचं त्यांना फार कौतुक.

पहिल्या टेकला घोटाळा. ‘ॲक्शन’ म्हटल्याबरोबर चाळीस जणांनी ‘गणपती बाप्पा मोरया’ केलं! साउंडवाल्याने कानावरचं यंत्र फेकलं. असिस्टंट डिरेक्टर, लाल चेहऱ्याचा माणूस, विचारत आला की हे फ्रेंच आहे का. संग्राम म्हणाला, ते तोंडातून निघतंच, थांबवता येत नाही. शेवटी तह झाला — मोरया कॅमेरा सुरू होण्याआधी.

मग त्यांनी आम्हाला उंचीप्रमाणे लावलं. बुटके पुढे. मी पहिल्या रांगेत, उजव्या टोकाला! संग्रामने समजावून पाहिलं, पण लाल चेहऱ्यापुढे काही चाललं नाही. माझ्यापुढे आता एकही खांदा नाही. फक्त जोन झालेली मुलगी, घोड्यावर, हातात तिचा पांढरा ध्वज.

मी ठेका तिच्या ध्वजावरून धरला. तो तिच्या घोड्याच्या चालीवर हलतो. दिवसभर एकदाही मागे पडले नाही.

१६ सप्टेंबर

पाऊस. ढोलांची पानं भिजून सैल. दिवसभर तंबूत हीटरपुढे ढोल शेकत बसलो. शूट नाही. स्मृतीने चिवडा आणला होता. सहा इंग्रज सैनिक आणि एक बिशप आमच्यात येऊन बसले. बरं वाटलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सविस्तर लिहिते.

सकाळपासून एकच प्रसंग. किल्ल्यावर हल्ला. जोन शिडीकडे धावते, तिला बाण लागतो, ती पडते. ढोल वाजतच राहायचे, सैनिक ध्वज उचलेपर्यंत. तालीम झाली, पण तालमीत ती पडली नाही. पडायचं ते एकदाच, टेकमध्ये, तालमीतच कपडे चिखलाने भरू नयेत म्हणून.

सुरू झालं. माझे डोळे ध्वजावर. ती धावली. बाण लागला. ध्वज खाली आला.

मी थांबले.

विचार केला नाही. हात थांबला. दुसऱ्या ठोक्याला माझी रांग थांबली, तिसऱ्याला सगळे. चाळीस ढोल, सहा ताशे, गप्प. कुरणात काही उरलं नाही. मग उजवीकडून घोड्याच्या लगामाची कडी ऐकू आली. अगदी स्वच्छ. इतका बारीक आवाज मी दोन वर्षांत ऐकलेला नाही.

कुणी ‘कट’ म्हणेना. चिखलात पडलेल्या त्या मुलीने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मग स्वतःच ध्वजाकडे सरपटत गेली, एका हाताने तो उभा केला. ध्वज वर गेला. आम्ही सुरू झालो.

मग ‘कट’.

लाल चेहरा आमच्याकडे धावत आला. कोण थांबलं आधी? सगळे जमिनीकडे बघत होते. संग्राम म्हणाला, मी पथकप्रमुख, माझी चूक. त्याच्याबद्दल तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी हात वर केला.

तेवढ्यात दिग्दर्शिका आली. साठीची, लहानखुरी, बेल्जियमची, अंगावर पुरुषी रेनकोट. नशिबाने माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली. का थांबलात, असं शांतपणे विचारलं. मी सांगितलं, आमच्यात ध्वज खाली आला की वाजवत नाहीत.

‘कधीच नाही?’

‘कधीच नाही.’

तिने मान हलवली. स्क्रिप्टच्या पानावर दोन ओळी खोडल्या. दुपारी तोच प्रसंग, मुद्दाम थांबून, आणखी दोनदा घेतला. ते दोन्ही खोटे वाटले. पहिलाच ठेवणार म्हणाली.

संध्याकाळी चिखलातून गाड्यांकडे चाललो होतो. संग्राम माझा ढोल उचलून माझ्या बरोबरीने आला. डावीकडून काहीतरी बोलला. मी चालत राहिले. मग तो मागून फिरून उजवीकडे आला.

‘ताई, तुम्हाला ताशा ऐकू येत नाही.’

सगळं सांगितलं. तारीखसुद्धा. तो ढोल खाली ठेवून उभा राहिला. चौतिशीचा माणूस, अंगावर फ्रेंच शेतकऱ्याचे कपडे.

‘आणि मी तुम्हाला शेवटच्या रांगेत टाकलं.’

‘तिथून ध्वज चांगला दिसायचा रे,’ मी म्हटलं.

तो हसला नाही. मी हसले. मग दोघांनी मिळून ढोल गाडीत ठेवला.

१८ सप्टेंबर

शेवटचा दिवस. जोन झालेली मुलगी तंबूत आली. ईफा नाव, कॉर्कची, बावीस वर्षांची. जेवणाच्या रांगेत माझ्यामागे उभी राहिली. म्हणाली, ढोल थांबले तेव्हा पुढे काय करायचं तेच विसरले, खरोखर एकटी पडल्यासारखं वाटलं, म्हणून ध्वजाकडे गेले. त्यासाठी आभार मानायला आली होती. मी तिचे मानले. मग दोघींनी बटाटे घेतले.

२३ सप्टेंबर

जे जे ऐकायचं राहिलं त्याची यादी कर, असं रविकांत म्हणतो. त्याला काहीतरी करायचं आहे, बिचाऱ्याला. त्याने दोन-तीन नावं काढली — गाणी, समुद्र, पुण्याला फोन. पुण्याला फोन केला. यादी केली नाही. यादी केली की बाकीचं ऐकू येत नाही.

२५ सप्टेंबर

निहारिका बाथरूममध्ये गाते. कुठलं गाणं, ठाऊक नाही. चुकीचं गाते. पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत बसले. एकच टॉवेल चार वेळा घडी केला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. ल्यूकनला हॉल घेतला होता. ढोल ओळीत मांडले, हळदकुंकू, झेंडूऐवजी मिळतील ती फुलं. आपटा इथे नाही. मुलांनी पार्कमधून बीचच्या झाडांची पानं गोळा केली होती, पिवळी पडलेली.

संग्रामने सगळ्यांना सांगितलं होतं. त्यासाठी त्याच्यावर रागवायचं ठरवून गेले होते.

पूजा झाली. मी भिंतीपाशी उभी राहिले. स्मृती पहिली आली. पान हातात ठेवलं, माझ्या उजव्या बाजूला झाली, वाकली आणि म्हणाली, ‘सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा.’ मग दिलीप, त्याच बाजूने, तेच वाक्य. वर हेही की फिल्ममध्ये तो दिसला तर मी त्याला आधी सांगायचं, कारण चष्मा नसल्याने त्याला स्वतःला काहीच कळलेलं नाही. मग त्याची आई, साताऱ्याहून आलेली — ‘सोनं घे गं बाई.’ मग पुढचा. मग पुढची.

सगळे उजवीकडून आले. एकही चुकला नाही. कुणी आवाज चढवला नाही, कुणी डोळे पुसले नाहीत. दर वर्षी म्हणतात तेच वाक्य, पण प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. संग्राम शेवटी. त्याने पान ठेवलं आणि तेच वाक्य म्हटलं, अगदी हळू.  तेही ऐकलं.

हातात पानांचा ढीग झाला. रागवायचं राहून गेलं.

६ ऑक्टोबर

बॅग भरली. उद्या आठला. रविकांत पाठ करून झोपल्याचं नाटक करतो आहे. त्याचा श्वास ऐकते आहे. पुष्कळ मिळालं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लिहिता येतंय. ओळी वाकड्या.

सकाळी नर्सचे ओठ हलले. ट्रॉली आली, गेली. काही नाही.

रविकांत पलंगाशी बसला होता. त्याच्याकडे बघून मी ‘चहा’ म्हटलं. म्हटलं असावं.

तो उठला आणि चहा आणायला गेला.