आजोबांची कात्री

प्रिय ताईस,

दुकानातली नेहमीची कात्री धारेला दिली होती, म्हणून काल आजोबांची कात्री काचेच्या पेटीतून काढली. ती कापडच कापेना, पात्यांत नुसतं दुमडत होतं. वैतागून डाव्या हातात धरली, तर सरसर कापत गेली.

आईला विचारलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुझे आजोबा कुठे कापायचे? ते मशीनवर. कापायच्या सासूबाई. डावखुऱ्या होत्या ना, मुद्दाम करवून घेतलेली ती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

ताई, बाबांच्या मागे तू एवढी एकच वस्तू मागितली होतीस. मी म्हणालो, आजोबांची आहे, दुकानातच राहिली पाहिजे. वर चेष्टाही केली, "डावखुऱ्या शिंपिणीला ती काय चालणार?" तू हसलीस, आणि अजून घरी बसून उजव्या हाताच्या कात्रीनं लोकांचे ब्लाउज बेततेस. तुझ्या अंगठ्याचा घट्टा मी कितीदा पाहिलाय.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू म्हणशील, "राहू दे रे, तुझ्याकडे काय न् माझ्याकडे काय," आणि मी लगेच राहू देईन. स्वतःला मी चांगला ओळखतो. म्हणून रविवारी कात्री घेऊनच येतो. दारातच तुझ्या डाव्या हातात देईन.

तुझा धाकटा,
आजीच्या दुकानातून