भिंतीवरची सीट

रविवार, ९ मार्च

ती. ताईस,

वाकून नमस्कार. आम्ही सगळे मजेत. छकुलीचा पुढचा दात पडला. कंपासपेटीत घालून वर्गभर मिरवून आली.

सात महिन्यांपूर्वी तू फोनवर म्हणालीस, "दोन खोल्या आणि दोन चाकं, त्यात संसार वाढणार कसा?" मी फोन आपटला आणि तुझ्याशी बोलणंच सोडलं. आज उत्तर देते. तुझ्याकडे पाच खोल्या, अंगण, गाडी. आणि मुलगा एकच! म्हणजे खोल्यांवर काही नसतं, बाई. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण शिवणकामवाली मावशी समोरच्याच दारात आणि शाळा सायकलवर सात मिनिटं. छकुली निम्मं जेवण मावशीकडेच उरकते.

माझ्या सायकलच्या दुकानात एक रीत आहे. पोरं मोठी झाली की लोक मागची बाळसीट परत आणून देतात. मी ती दुरुस्त करून भिंतीला टांगते, दुसरं कुणी घेऊन जातं. सीट परत आली की समजायचं, त्या घराला आता मूल नको.

ऑगस्टमध्ये मी आमचीही टांगली.

तेव्हा तुला सांगितलं नाही. दिवस गेले होते, तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. सायकलनंच झालं, असं मी मनाशी धरून बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सायकलचा दोष नाही आणि तुझाही नाही." त्याच आठवड्यात तुझा फोन आला. तुला माहीत नव्हतं, पण फार लागलं गं.

जानेवारीत एका गिऱ्हाइकानं नेमकी तीच सीट उचलली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती दिली आहे."

शेजारी नवरोबा हवा भरत होते. "कुणाला?"

"आपल्यालाच."

ते थांबायचं विसरले आणि ट्यूब फुटली. गिऱ्हाईक दचकून बाहेर पळालं.

आता चौथा महिना लागलाय. तिसरा सरेपर्यंत कुणाला कळवायचा धीर नव्हता. पहिलं पत्र तुलाच. दोन खोल्यांत चौघं मजेत राहू, आणि पाचवी आलीस तर पुढची खोली तुझी.

सीट माझ्या सायकलला बसवली आहे. नट मीच आवळलेत, पण एकदा हलवून बघायला तू ये.

तुझी धाकटी,
आणि तिच्याहूनही धाकटं