पानं जमिनीवर नकोत

तीर्थरूप आईस,

वागळे इस्टेटमधून सहदेवचा नमस्कार. मी बरा आहे, काळजी करू नकोस.

आमच्या बायंडिंगच्या कारखान्यात सध्या तीन ठिकाणची पुस्तकं आलीत: वेदपाठशाळेची, मदरशाची आणि पाद्री शिकतात त्या कॉलेजची. तिन्हीकडचे गुरुजी वेगवेगळ्या दिवशी येऊन एकच सांगून गेले, पानं जमिनीवर ठेवू नका. आम्ही तर मांडी घालून जमिनीवरच शिवणारे! आता दिवसभर टेबलाशी उभे. संध्याकाळी पाय चपलेत मावत नाहीत, एवढंच.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी सान्वी अभ्यास करते ना? तिचं गणिताचं पुस्तक सुटलंय म्हणालीस, ते गावचं कुणी इकडे येणार असेल त्याच्याबरोबर पाठव.

तेही उभ्यानेच शिवेन.

तुझा,
सहदेव