रोलरचं तेल मी विकलं नाही

ताडकळस, चैत्र वद्य पंचमी, फसली १३५६

तीर्थस्वरूप शिवरुद्र मामांच्या चरणी भाचा वीरुपाक्षाचे शरणार्थ. मी इकडे खुशाल आहे, निदान अंगानं तरी. बसम्मा मामींची कंबर आता कशी आहे? विटेचा शेक चालू ठेवा म्हणावं, आणि तुमच्या त्या वैद्यबुवांच्या काढ्यावर फार भिस्त ठेवू नका (मी तो एकदा प्यालो होतो. भूक गेली, खोकला राहिला).

पालमपर्यंत माझ्या दोन बातम्या आल्या असतील. एक, मी व्यंकटरावांच्या ट्रॅक्टरचं तेल चोरून बाजारात विकलं. दुसरी, मी चावडीपुढच्या फरशा फोडल्या. पहिली साफ खोटी आहे. दुसरी खरी आहे, आणि वेळ आली तर परत फोडीन.

आता सगळं सुरुवातीपासून सांगतो. इथले मोठे जमीनदार व्यंकटराव यांनी लढाई संपल्यावर फौजेच्या लिलावात साखळीचा ट्रॅक्टर घेतला. त्यांच्या रानात हरळी-कुंद्याचं तण इतकं माजलंय की बैलांचा नांगर नुसता वरून खाजवून जातो. आसामात फौजेच्या सडकेवर मी असलाच ट्रॅक्टर तीन वर्षं चालवला, म्हणून मला ठेवून घेतलं. ह्याला चाकं नसतात, मामा. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची साखळी असते आणि सगळा बोजा त्या साखळीवर पेलायला खाली पाच-पाच रोलर असतात (मामींचं लाटणं डोळ्यांपुढं आणा, फक्त एकेक मणाचं). रोलरच्या पोटात जाडं तेल असतं. ते बाहेर येऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना कातड्याची कडी बसवतात. तेल संपलं की आतला दांडा घासून जातो, आणि दांडा गेला की ट्रॅक्टर रानात बसला म्हणून समजा.

तर माघात शहरातून एक मिस्त्री आला. त्यानं दहाही रोलरना नव्या कड्या घातल्या, कोंबडी खाल्ली आणि जाताना म्हणाला, "अब पाँच साल हाथ नक्को लगाओ." मी पाचव्या दिवशीच हात लावला, कारण रोलर कोरडे पडले होते. तेल भरलं, दोन दिवसांत गेलं. परत भरलं, परत गेलं. व्यंकटरावांचे कारभारी भुजंगराव ह्यांनी विचारलं, तेल जातं कुठं? मी म्हटलं, गळतंय. ते रानात आले, धोतर वर धरून साखळीखाली वाकून बघितलं, तर खाली काहीच नाही. आपली काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात पडलेली भेग घागरभर पाणी गिळते, तिथं वाटीभर तेलाचा काय पाड? पण कारभाऱ्यांनी मातीला सोडलं आणि मला धरलं. भर बाजारात, चावडीपुढं, शंभर माणसांत त्यांनी जाहीर केलं की वीरुपाक्ष तेल विकायलाय आणि दोन दिवसांत कबूल झाला नाही तर त्याला पोलिसांच्या अमीनसाहेबांच्या हवाली करणार.

मामा, मी गप्प घरी येऊन बसलो असतो तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं. मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नांगरलं, रोलर चांगले तापू दिले, आणि नांगर सोडून ट्रॅक्टर सरळ गावात आणला. चावडीपुढं शहाबादी फरशी आहे, आणि फरशी तेल पीत नाही. तिच्यावर मधोमध उभा केला (तेव्हाच चार फरशा गेल्या), चालू करायचा हँडल काढून मांडीवर घेतला आणि वर बसून राहिलो. पाटील आले, उतर म्हणाले. मी म्हटलं, आधी खाली बघा. अर्ध्या तासात दहा रोलरखाली काळे डाग उठले होते, वाळत घातलेल्या पापडांसारखे. व्यंकटराव स्वतः आले. गळतंय हे त्यांनी कबूल केलं, पण कारभारी म्हणाले, हे आज मुद्दाम सैल केलं असेल. मग मात्र मी तिथंच नट खोलायचे पाने काढले आणि सगळ्यांदेखत एक रोलर खोलायला बसलो.

गर्दीत तानुबाई होती. ती विहिरीवरच्या कातड्याच्या मोटा शिवते. तिचा नवरा गेल्यापासून पंचक्रोशीतल्या मोटा तिच्याच हातच्या, आणि तिनं शिवलेली मोट थेंब सांडत नाही हे तुम्हीही जाणता. मी कडी बाहेर काढली तशी ती पुढं आली. कारभाऱ्यांनी तिला मागं हो म्हणून सांगितलं, तर तिनं ऐकलंच नाही. कडी बोटावर फिरवली, तिची दुमडलेली कड दाबून बघितली आणि म्हणाली, "उलटी घातलीय. हिचं तोंड तेलाकडं पायजे. तेल जेवढं रेटंल तेवढी ती दांड्याला आवळंल. इथं ती भाईर बघायलीय."

मिस्त्रीनं दहाच्या दहा रोलरना कड्या उलट्या घातल्या होत्या, आणि मीही त्या तोवर काढून बघितल्या नव्हत्या (हे तुम्हालाच सांगतो, गावात कुणाला बोललेलो नाही). मिस्त्रीच्या कड्या उलट्या चालून घासून पातळ झाल्या होत्या, म्हणून नव्या करणं आलं. तानुबाईनं मुरलेलं कातडं निवडलं, कोमट चरबीत मुरवलं, लाकडी साच्यावर ओढून बसवलं आणि सावलीत वाळवलं. पहिल्या सहा कड्या फुकट गेल्या. सातवी दांड्यावर अशी बसली की मला हसू आवरेना. कारभाऱ्यांची दोन दिवसांची मुदत तोवर सरली होती, पण व्यंकटरावांनी अमीनसाहेबांना थांबवलं. नव्या कड्या टिकतात का, हे त्यांनाही बघायचं होतं.

सहा दिवसांनी परत आठवड्याचा बाजार भरला. मी सकाळभर नांगरून ट्रॅक्टर परत त्याच फरशीवर आणला आणि नव्या कड्यांच्या रोलरखाली माझा धुतलेला पटका पसरला. घटकाभर सगळे वाकून बसले होते. पटका पांढरा राहिला. व्यंकटराव म्हणाले, झालं गेलं विसर आणि कामाला लाग. मी म्हटलं, "तोहमत इथं घेतली, इथंच माघारी घ्या. मग हँडल लावतो." कारभारी बराच वेळ पागोटं नीट करत राहिले. मग तोंडातल्या तोंडात म्हणाले की वीरुपाक्षानं तेल विकलं नव्हतं.

तानुबाई मागून म्हणाली, "ऐकू आलं न्हाई."

त्यांना परत म्हणावं लागलं, आणि ह्या वेळी मिरचीवाल्यांपर्यंत गेलं.

अजून एक गोष्ट तुमच्या कानावर येईल, ती मीच सांगून टाकतो. ते सहा दिवस मी तानुबाईच्या दारी भाकरी खाल्ली आणि तिच्या घागरीचं पाणी प्यालो. चुकलो असं मला वाटत नाही. आपल्या लिंगायत संतांमध्ये, शरणांमध्ये, कातड्याचं काम करणारेही होते, हे तुम्हीच दर श्रावणात पोथीतून वाचता आणि तिथं आल्यावर डोळे मिटून मान डोलावता. आता डोळे उघडे ठेवून डोलवा. त्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा, मी माघार घेणार नाही.

वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवतो. लहानांच्या डोक्यावर हात ठेवला असता, पण तो अजून तेलकट आहे.

तुमचा,
वीरुपाक्ष

ता. क. वर जे लिहिलं त्यावरून दहाही रोलर सुधारले असं वाटेल. सुधारलेत दोन. पटका त्यांच्याच खाली होता. बाकीचे आठ अजून गळतात, आणि नव्या कड्या बसेपर्यंत मी रोज त्यांत तेल भरतो.

दुसरा ता. क. तानुबाईकडं आयतं मुरलेलं कातडं एकच होतं. तुमची मोट तिच्याकडं दुरुस्तीला आली होती ना, ती. तानुबाई हात लावायला तयार नव्हती, दुसऱ्याची वस्तू म्हणत होती. मीच सांगितलं, माझ्या सख्ख्या मामाची आहे, काप. खालची, पाणी ओतायची सोंड सगळी गेली. वरचं पोट शाबूत आहे, पण त्याच्यात पाणी राहणार नाही.

तिसरा ता. क. मोट न्यायला तुम्ही सोमवारी तुमच्या गड्याला, सटवाजीला, बैलगाडी देऊन पाठवणार आहात, असं कळलं. जरूर पाठवा. फक्त गाडी रिकामी पाठवू नका. तुमच्या दुसऱ्या विहिरीवर अजून एक जुनी मोट आहे, तीही त्याच्याबरोबर द्या. आठ रोलर म्हणजे सोळा कड्या होतात.