पाच मिनिटांचा स्वच्छ नमुना

२ मार्च, रविवार
ठरलं. घरच्या घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ. कमी खर्चात, पण शास्त्रशुद्ध. ऑडिओबुकवाल्या कंपनीला बावीस तासांच्या एका कादंबरीसाठी वाचक हवी आहे. पाच मिनिटांचा नमुना ३१ तारखेपर्यंत पाठवायचा. निवड झाली की प्रयोगशाळा सोडायची. सात वर्षं मी तिथे वजनकाटे तपासते आहे. माझा आवाज चांगला आहे हे मी मत म्हणून लिहीत नाही, मोजमाप म्हणून लिहिते.
ताईला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या आवाजात कादंबरी? निदान शेवटी कोण मेलं ते तरी कळेल ना गं? ताई हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर असते. गोड बोलणं तिथेच संपवून घरी येते.

४ मार्च, मंगळवार
एक्सेल शीट तयार. अकरा माइक, चौदा निकष. पहिला सेल्फ-नॉइज, म्हणजे माइकची स्वतःची खरखर. साध्या घरात डायनॅमिक माइक घ्या, तो तोंडाजवळचं तेवढंच ऐकतो, असं सगळे सांगतात. कंडेन्सर घेतला तर शेजाऱ्यांचा मिक्सरसुद्धा रेकॉर्ड होतो म्हणे. सगळे म्हणजे ज्यांना मोजता येत नाही ते.
कंडेन्सर घेणार. यात दोष माइकचा नसून घराचा आहे. घर सुधारता येतं.

८ मार्च, शनिवार
दुकान. दुकानदार म्हणाला, मॅडम, पहिल्यांदाच घेताय ना? मग हा साधा यूएसबी माइक न्या, कॉम्प्युटरला जोडा, एक बरा हेडफोन घ्या आणि वाचायला लागा. मी त्याला सेल्फ-नॉइज किती, असं विचारलं. तो म्हणाला, कुणाचा?
कंडेन्सर, त्याला वीज देणारा इंटरफेस, बंद हेडफोन, स्टँड, तोंडापुढची जाळी. बजेटच्या दीडपट झालं. बजेट चुकीचं होतं, दुरुस्त केलं. निघताना दुकानदार म्हणाला, काही अडलं तर फोन करा. आणि नाही अडलं तर नका करू.

९ मार्च, रविवार
पहिली चाचणी. माइक उत्कृष्ट. ऐकू आलं ते असं: जिन्यातल्या चपला, वरच्यांचा नळ, आमचा फ्रिज, ताईचं फोनवरचं खिदळणं, बाबांचा खोकला. माझा आवाजही होता.
रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली एकच. बाबांची.

१२ मार्च, बुधवार
बाबांना हॉलमध्ये हलवलं. ते म्हणाले, बरंच झालं की, तिथे टीव्ही आहे. सोफा त्यांच्यापेक्षा एकोणीस सेंटिमीटर आखूड आहे. गैरसोय झाली असती तर बोलले असते.
त्यांची गादी खोलीतल्या भिंतीला उभी लावली. प्रतिध्वनी निम्म्यावर आला. ताई ओरडली, अगं, गादीसुद्धा? मी म्हटलं, फोमचे पॅनल महाग पडतात. त्यावर ती स्वतःची उशी सोफ्यावर ठेवून आत निघून गेली. पटलं असावं.

१६ मार्च, रविवार
फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. दुपारी दोन ते पाच: फ्रिज बंद, पंखे बंद, नळ बंद, बोलणं बंद, खोकला बंद. बाबांनी विचारलं, आणि आलाच तर? मी म्हटलं, खाली जाऊन यायचं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. ते चार वेळा जाऊन आले. व्यायामही झाला. दूध नासलं. दूध ताईने तापवून ठेवायला हवं होतं.
दोन पानं वाचून झाली. ताईला हेडफोन दिला. म्हणाली, यंत्र छान आहे. आवाजाबद्दल विचारलं तर म्हणाली, थांब, फोन आलाय. फोन आला नव्हता.

२४ मार्च, सोमवार
आज रजा घेऊन एडिटिंग. पाच मिनिटांत चौऱ्याहत्तर श्वास सापडले. श्वास म्हणजे नॉइज. सगळे कापले. दोन वाक्यांमधलं अंतर ०.४ सेकंद, सगळीकडे सारखं केलं. नायिका मेलेल्या मुलाचं पत्र उघडते तिथे माझा आवाज तीन डेसिबलने हलला होता. सपाट केला. बेशिस्त नको.
बाबांना ऐकवलं. म्हणाले, फार स्पष्ट आहे गं. मग थोड्या वेळाने विचारलं, तू कुठेच दमली नाहीस का? मी म्हटलं, तीच तर कमाल आहे.

३१ मार्च, सोमवार
सकाळी अकराला नमुना पाठवला. सव्वाअकराला साहेबांना राजीनामा दिला. साहेब म्हणाले, नीट विचार केलाय ना? मी म्हटलं, मोजलंय.

४ एप्रिल, शुक्रवार
कंपनीचं उत्तर. दोन ओळी. आपले आभारी आहोत, परंतु नियम तीननुसार यंत्राने तयार केलेला आवाज स्वीकारला जात नाही.
म्हणजे दर्जा त्यांना पेलला नाही. माइकचा, इंटरफेसचा आणि गादीचा फोटो पाठवला. सोबत बिलं.

७ एप्रिल, सोमवार
कंपनीच्या निर्मातीबाईंचा स्वतःहून फोन. मी अकरा मिनिटं मुद्देसूद बोलले. त्या मधेच म्हणाल्या, घरात दुसरं कुणी आहे का? त्यांना फोन देता? बाबांना दिला. बाबा म्हणाले, हो हो, मुलगी आहे माझी, अगदी लहानपणापासून. त्यावर पलीकडे त्या इतक्या हसल्या की मला इथपर्यंत ऐकू आलं. पाच मिनिटं गप्पा मारल्या दोघांनी. माझ्याशी कुणी एवढं बोलत नाही, कारण मी मुद्द्याचं बोलते.
फोन परत माझ्याकडे आला. त्या म्हणाल्या, माफ करा, माणूस आहात याची खात्री पटली. पण ऐकणाऱ्याला तुमच्याबरोबर बावीस तास काढायचे असतात हो. मग म्हणाल्या, माझे दीर लिफ्ट बसवतात, त्यांना सहा वाक्यं हवी आहेत. तुमचा आवाज त्यासाठी अगदी... शब्द सापडायला त्यांना वेळ लागला. 'निर्दोष' म्हणाल्या.
लिहून ठेवला.

८ एप्रिल, मंगळवार
राजीनामा मागे घ्यायला गेले. साहेब म्हणाले, तुमच्या जागी एक मुलगी घेतली. कामाला तुमच्याइतकी अचूक नाही, पण सकाळी आल्यावर गुड मॉर्निंग म्हणते. लोकांना बरं वाटतं.
असल्या प्रयोगशाळेचे काटे पुढे कसे निघतात ते बघूच.

१२ एप्रिल, शनिवार
लिफ्टवाल्यांना सॅम्पल रेट आणि फाइलचा प्रकार विचारला. ते म्हणाले, अहो ताई, फोनवर रेकॉर्ड करून पाठवून द्या. लिफ्टचा स्पीकर तो केवढासा.
हॉलमध्ये उभी राहून सहा वाक्यं फोनवर बोलले. सगळी एका दमात. बाबा सोफ्यावर होते. तेवढा वेळ त्यांनी खोकला दाबून धरला, डोळ्यांत पाणी आलं तरी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
गादी भिंतीलाच आहे. पुढची संधी केव्हाही येऊ शकते, खोली तयार असलेली बरी.

९ मे, शुक्रवार
बाबांची पाठ धरली आहे. ताईने हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, मीही गेले. सध्या मला वेळ असतो. डॉक्टरांनी विचारलं, झोपता कशावर? बाबा म्हणाले, सोफ्यावर, मला आवडतं. ताई माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचला.
परतताना तिथली जुनी लिफ्ट बंद होती, म्हणून मागची नवी लिफ्ट घेतली. दार बंद होत आहे, कृपया आत उभे राहा. माझं दुसरं वाक्य. मी ताईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.
ताई म्हणाली, बाई गं, कसली कोरडी आहे ही! आपण हिच्याच घरात घुसल्यासारखं बोलते. बाबा म्हणाले, असू दे. बिचारीशी घरी कुणी बोलत नसेल.
तळमजल्यापर्यंत मी स्पीकरची जाळी तपासली. दोष स्पीकरचा आहे. स्वस्तातला बसवलाय.